नववा रकाना

३ जून
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
दुकानमालकाने माझ्यावर दावा लावलाय. वीस वर्षांचं माझं शिवणाचं दुकान त्याला रिकामं करून हवंय. बावीस तारखेला कोर्टात लेखी उत्तर दिलं नाही, तर दुकान गेलंच समज. वकील परवडत नाही. तुमच्या मोफत कायदा मदत केंद्राचा साहेब तूच, म्हणून लिहिते. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.
लोभ आहेच, जरा कामालाही लाव.
ताई

७ जून
ती. ताईस सा. न.
वाचून जीव खालीवर झाला. पण बहिणीसाठी रांग मोडली तर लोक काय म्हणतील? तू रीतसर अर्ज कर. केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट कर्मचाऱ्यांची, तेव्हा सावकाश चढ. अर्ज सोपा आहे, अकराच पानी, मीच तयार केलाय. नववा रकाना तेवढा चुकवू नकोस: आपल्याला वकील परवडत नाही, असा वकिलाचा सही-शिक्क्याचा दाखला. ही युक्ती माझीच. वर्षभरात एकही खोटा अर्ज आलेला नाही.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटा

२३ जून
चि. धाकट्यास आशीर्वाद.
तीन जिने चढले. खोटा काय, खराही अर्ज तिथे कधी आलेला दिसला नाही. दाखल्याच्या सहीला वकिलाने फी मागितली, म्हणून हात हलवत परतले.
काल न्यायाधीशबाईंनी लेखी उत्तर मागितलं. चष्मा घरी राहिलेला. पिशवीतला हाताला लागला तो कागद दिला. तो तुझं पत्र निघाला. बाईंनी दोनदा वाचलं, तोंडाला रुमाल लावला आणि सख्खा भाऊ का, असं विचारलं. मग तिथल्या तिथे मला सरकारी खर्चाने वकील दिला, महिन्याची मुदतही. पत्र फाइलला लावून घेतलंय.
राग धरू नकोस.
ताई

२ जुलै
ती. ताईस सा. न.
तुझं पत्र गडबडीत अजून फोडलेलं नाही. वरून हुकूम आलाय: नववा रकाना रद्द, लिफ्ट सर्वांना खुली. रोज साठ माणसं येतात, चहाला फुरसत नाही. कुणीतरी चुगली केली असणार. शोधायला समिती नेमली आहे, अध्यक्ष मी. तू माझं नाव कुठे घेतलं नाहीस ना?
धाकटा

९ जुलै
चि. धाकट्यास आशीर्वाद.
माझ्या बाजूने वकील उभा राहिलेला पाहून मालकाने दावा मागे घेतला. दुकान वाचलं रे. मशीनवर डोकं टेकून पोटभर रडले.
तुझं नाव मी घेतलं नाही. पत्राखाली तुझी सही होतीच. समितीचं काम आटोपलं असं समज, आणि आधी माझं पाकीट फोड.
शेजारच्या घड्याळजीची अठ्ठावीसला तारीख आहे. त्यालाही तुझं एक पत्र हवंय. पहिल्यासारखंच मनापासून लिही.
ताई