पंप म्हणजे इष्टलिंग नव्हे

शिवलीला,

"आजोबा, सुट्टीत आठ दिवस इन्सुलिनचा पंप काढू का?" हे तुझं पत्र माझ्या पुस्तकात महिनाभर पडून राहिलं. तुझ्या बापाला भ्यालो.

काल तू त्यालाच विचारलंस. "गळ्यातलं इष्टलिंग उतरवतीस का? मग पंप कसा उतरवतीस?" म्हणत त्यानं तुला पट्ट्यानं रक्त येईतो मारलं, तेव्हा मी त्याच्या तोंडावर शब्दकोश हाणला. दोन दात पडले. माझंही चुकलं असेल. त्याला धाराशिवला दवाखान्यात नेतो आहे.

तुझे डॉक्टर "चालेल" म्हणाले. आधी इन्सुलिनची पेनं सुरू कर. त्यांनी दिलेल्या वेळा फ्रिजवर चिकटवल्या आहेत, एकही चुकवू नकोस. मग लोहाऱ्याला मामाकडे जा.

मी पुन्हा कच खाऊन हे पत्रही पुस्तकात ठेवीन, म्हणून उत्तर कार्डावर लिहून मामाच्या पत्त्यावर आत्ताच पेटीत टाकून आलो: "काढ."