खूण डोंगराची

९ डिसेंबर, मंगळवार

कुत्र्याने हात चाटला आणि अम्मींनी मला घरात घेतलं नाही!

मागच्या दारी उभं केलं. बादली, तांब्या आणि मूठभर वाळू. ‘कुत्र्याची लाळ नापाक. सात वेळा धू. पैलं मातीनं.’ स्वतः समोर उभ्या राहून मोजलं. माझी लेक सुमैय्या खिडकीतून ओरडते, ‘दादी, वुई हॅव सॅनिटायझर!’ अम्मींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. खिडकी बंद झाली.

कुत्रा राजाभाऊंचा. ते इथे अमिरातीत, फुजैरा बंदरात तीस वर्षं पायलट होते — बाहेरून आलेली जहाजं सुखरूप धक्क्याला आणायची. आता रिटायर्ड, एकटे, दोन गल्ल्या सोडून राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून क्लिनिकतर्फे मी व्यायाम द्यायला जाते. पण माणूस गुडघा वाकवायचं सोडून कुत्र्याबद्दलच बोलतो! काळा लॅब्रडॉर, नाव सुकाणू. त्याची फेब्रुवारीत परीक्षा आहे म्हणे.

परीक्षा अशी — इथे बंदूक नाही, शिकार नाही. कॅनव्हासची गुंडाळी करायची, तिला कबुतराची पिसं बांधायची, तोच पक्षी. कोणीतरी लांबून तो उंच फेकतं. कुत्र्याने जागचं न हलता तो कुठे पडला ते बघायचं, लक्षात ठेवायचं, आणि हुकूम झाला की सरळ तिथे जाऊन आणायचा. परीक्षेत पक्षी दोन. दुसरा आधी आणायचा आणि तोवर पहिला विसरायचा नाही.

‘माझा गुडघा हा असा,’ राजाभाऊ म्हणाले. ‘तुझा खांदा मात्र उत्तम आहे. फेकायचं तू, कुत्र्याला सोडायचंही तू.’

आणि मी हो म्हणाले! वेडी की काय मी?

१० डिसेंबर

वेडी नाही. खरं लिहिते. संध्याकाळी घरी यायला नको वाटतं.

आले की अम्मी खिडकीशी. गेले की खिडकीशी. अब्बांना जाऊन वर्ष होत आलं. त्यानंतर माझ्या नवऱ्याने, रिझवानने आपल्या आईला इथे आणलं. जेवतात, नमाज पढतात, विचारलं तेवढं बोलतात. आणि १४ फेब्रुवारीचं तिकीट काढायला लावलंय — रमजानच्या आधी. एकेरी! दाभोळच्या खाडीकाठच्या घरात चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकट्या राहणार.

मला त्या हव्या आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मला आई नव्हती. भाकरी थापायला, पोरीला न्हाऊ घालायला, नवऱ्याशी भांडायलासुद्धा ह्यांनीच शिकवलं. पण राहा म्हटलं की एकच — ‘हितं माझं काय काम गो?’



१४ डिसेंबर

वीस फेकले, वीस आणले! घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर. मी जन्मजात शिक्षिका आहे.

पिसं रिझवान आणतो, तो कामाला आहे त्या टर्मिनलच्या गोदामातून; तिथे कबुतरं फार. आज गेटवर सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडली. ‘हबीबी, ये क्या है?’ हा म्हणाला, ‘वाइफ का प्रोजेक्ट.’

२० डिसेंबर, शनिवार

नाक कापलं गेलं.

आज पहिल्यांदा लांब गेलो, डोंगराच्या पायथ्याच्या माळावर. राजाभाऊ घडीच्या खुर्चीत. मी पक्षी फेकला — छान उंच, एका झुडपापाशी. सुकाणूने पाहिला. ‘जा!’ म्हटलं. तो सुटला तो झुडपाकडे न जाता थेट उलट! पार पलीकडे एक अरबी कुटुंब गालिचा टाकून जेवत होतं. त्यांच्या पांढऱ्या लँडक्रूझरच्या चाकाखाली हुंगलं, मागच्या चाकाखाली हुंगलं, मग भाताच्या थाळ्यासमोर अदबीने बसला. मी धावत, धापा टाकत — सॉरी, आस्फा, माफ करना — सगळ्या भाषा संपल्या. त्यांचे आजोबा हसून हसून लाल झाले होते.

घडलं काय, तर प्लॉटवर मी रोज आमच्या गाडीच्या आसपास फेकत होते. आमची गाडी पांढरी. कुत्रा पक्षी बघतच नव्हता. त्याने गाडी पाठ केली. आणि या देशात तर दर दुसरी गाडी पांढरी!

राजाभाऊ शांतपणे म्हणाले, ‘आपण त्याला पार्किंग शिकवलं.’

२१ डिसेंबर

जेवताना रिझवानला हे सांगत होते. तो खो-खो हसतोय. आणि खिडकीजवळून आवाज आला—

‘होडीवर खूण करतात का कोन? होडी हलते. खूण डोंगराची घ्यायची.’

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. अम्मींनी मान वळवलीसुद्धा नव्हती.

‘कसली खूण, अम्मी?’

मग हळूहळू आलं बाहेर. त्यांचे वडील थंडीत खाडीवर बदकं मारायचे. पक्षी पडायचा चिखलात, लव्हाळ्यात. तिथे पोचेपर्यंत सगळं लव्हाळं सारखंच दिसतं. म्हणून बार उडाला की पक्ष्याच्या मागे काय आहे ते बघून ठेवायचं. डोंगराची खाच, मशिदीचा मिनार, माड. तिकडे नाक करून सरळ चालायचं.

‘आणि कुत्रा होता तुमच्याकडे?’ मी विचारलं.

‘कुत्रा? आमच्या घरात?’ अम्मी इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावला. ‘कुत्रा नव्हता गो. मीच होते! आठ वर्षांची. कमरेएवढ्या चिखलात!’

वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. भांडी घासताना रडले, बरं वाटलं.

२२ डिसेंबर

राजाभाऊंना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. ‘तीस वर्षं मी जहाजं अशीच आत आणली! किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या आणि सरळ यायचं. आणि कुत्रा हातात आल्यावर विसरलो. बोलाव त्या बाईंना.’

२७ डिसेंबर, शनिवार

अम्मी आल्या! अटी घालून. गाडीतून उतरणार नाही. कुत्रा दहा पावलांवर. अस्रच्या नमाजाला घरी.

काच खाली करून बसल्या. दोन फेका नुसत्या पाहिल्या. तिसऱ्याला—

‘त्याचं तोंड बघू नको गो, पाठ बघ! पाठ वाकडी आहे त्याची!’

कमाल आहे! रोज माणसांचे कणे सरळ करते मी, आणि कुत्र्याचा कणा बघायचं सुचलं नाही. मागे गेले. डोंगरातल्या खाचेकडे मान ते शेपूट एक रेघ करून बसवलं. सोडलं. सुकाणू सरळ गेला, वाटेत कुठेही न हुंगता. तोंडात पक्षी घेऊन आला तो शेपटीसकट सगळा हलत होता.

‘आता कसा!’ अम्मी म्हणाल्या. काच वर.

३ जानेवारी

आज अम्मींनी खुर्ची बाहेर मांडायला लावली. राजाभाऊंच्या शेजारी. दोघांचं एकाही फेकीवर एकमत नाही.

‘मैमुनाबी, पुस्तकात लिहिलंय की—’

‘कप्तान, पुस्तक लिवणारा चिखलात उतरला होता का?’

६ जानेवारी

क्लिनिकमधून आले तर अम्मी खिडकीशी नाहीत. चपला घालून दारात उभ्या. ‘किती उशीर गो! ऊन कलतंय. यल्ला!’

यल्ला?! हे अरबी ‘चला’ कोणी शिकवलं यांना?

१७ जानेवारी

दोन पक्षी जमत नाहीत. जमतच नाहीत! दुसरा आणतो आणि मग असा चेहरा करतो, जणू पहिला कधी पडलाच नाही. मी चारदा जाऊन बोटाने दाखवून आले. राजाभाऊ तापले — ‘तू उत्तर सांगतेस त्याला! मग लक्षात कशाला ठेवेल?’ मीही तापले. म्हटलं, मग तुम्हीच करा. ते लंगडत उठायलाही लागले. गुडघ्याचा सत्यानाश झाला असता.

अम्मी म्हणाल्या, ‘इसरला नाय तो. तूच घाई करतेस. पैला पडला, की लगेच दुसरा उडवतेस. बघू तर दे त्याला पोटभर. डोळा तिथं टेकू दे. मग दुसरा.’

पहिला फेकला. थांबलो. सुकाणू बघत राहिला. कान पुढे, मान स्थिर. मनात तीन श्वास मोजले. दुसरा फेकला.

दोन्ही आणले. दोन्ही!! आज सोबत आलेल्या सुमैय्याने उडी मारून मला मिठी मारली — ‘ही रिमेंबर्ड, मम्मा! ही ॲक्चुअली रिमेंबर्ड!’

२५ जानेवारी

न राहवून विचारलं. ‘अम्मी, नका ना जाऊ.’

‘तिकीट काढलंय ना? खलास.’

रागाने डाळीत मीठ दोनदा पडलं. अम्मींनी वाटी पुसून खाल्ली.

६ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. अम्मींची बॅग भरून झाली. कुलूपही लावलंय.

७ फेब्रुवारी, शनिवार



दिब्बा गावाकडचा एक फार्म. बावीस कुत्री, सगळी ऐटीत. फेकणारे अनोळखी. आणि एकदा मैदानात उतरलं की बाहेरच्या कोणी बोलायचं नाही. अम्मींना हे सांगितल्यावर त्यांनी पदराचं टोक दातात धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

पहिला पडला लांब, उंचवट्याच्या पलीकडे, नजरेआड. सुकाणूने बघितलं. दुसरा लगेच उडाला — तिथे तीन श्वास कोण देतंय! तो जवळच, गवतात. ‘जा!’ गेला, आला, हातात दिला. आता पहिला. याचं तोंड भलतीकडेच! बोट दाखवावंसं वाटत होतं. हात मागे बांधून घेतले. डोंगर शोधला. पक्ष्यामागे पाहून ठेवलेली दोन सुळक्यांच्या मधली खाच. बाजूला झाले, त्याला वळवलं, पाठ सरळ केली, आणि वाट पाहिली. त्याचे कान पुढे आले.

‘जा, बाळा.’

उंचवटा चढला. पलीकडे दिसेनासा झाला. कुठे आहे? येत का नाही? मी कुराणातली आयतुल कुर्सी पढायला लागले आणि अर्ध्यातच विसरले! मग उंचवट्यावर आधी दोन कान. मग पिसं. पिसं!!

पास! राजाभाऊ काठी टाकून उभे राहिले — दोन्ही पायांवर, समान भार. मी रडत होते तरी ते मला दिसलं.

नंतर सगळे मिठाई खात असताना सुकाणू तो पक्षी घेऊन फिरत फिरत अम्मींच्या खुर्चीपुढे बसला. आम्ही सगळे थबकलो. अम्मींनी त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले आणि लाळेने भिजलेला पक्षी घेतला.

‘शाब्बास रे वाघा,’ म्हणाल्या. मग मला, ‘पाणी आण. मोज.’

वाळूने एकदा, पाण्याने सहादा. मी मोठ्याने मोजलं. सातला दोघी हसत होतो.

८ फेब्रुवारी

घर शांत. सहा दिवस राहिले. मी काही बोलणार नाही. हट्ट नाही, रडणं नाही. जातील तिथे सुखी राहोत.

९ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना अम्मी रिझवानला म्हणाल्या, ‘ईदनंतरचं परतीचं तिकीट पन काढ. घर बघून येते. त्या कुत्र्याला पाण्यात पडलेला पक्षी अजून कुठं आणता येतो? कप्तानाला तर चिखलातलं काय कळत नाय.’