दूध उतू जाऊ द्यायचा दिवस

आई, आज दुपारी ओट्याशी उभा होतो आणि तुझी आठवण झाली. गलबलून वगैरे आलं असं नाही, हल्ली मला तसं काही येत नाही. बाजारातून परतल्यावर मीठ राहिलं हे जसं आठवतं, तशी तू आठवलीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आधी घरचं सगळं सांगायला हवं. माधवगंजचं माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान केव्हाच बंद केलं, आता थाटीपुरला दोन खोल्यांत राहतो. तुझी सून वैशाखात गेली. आणि तुझी नात, जिला तू पाहिलंच नाहीस, ती दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात आहे. आपल्या देशाचं तिथे ठाणं आहे, तिथे ती हवामानाचं काम करते, फुगे सोडून वारा मोजते.

दक्षिणेकडे पाय करून झोपलो तर तू काठीने पाय ढकलायचीस, यमाची दिशा म्हणून. आता नात थेट तिकडेच. रद्दीत आलेला एक जुना नकाशा मी ठेवला आहे. त्यात ग्वाल्हेरवर बोट ठेवून सरळ खाली ओढलं की नागपूर, हैदराबाद, मग समुद्र, मग नुसतंच पाणी, आणि अगदी तळाला पांढरी कड. ती तिथे बसली आहे. आपल्या नाकासमोर म्हण ना.

सुरुवातीला रोज फोन करायची, चित्रासकट. तुझी सून डाळ निवडता निवडता ऐकायची. तिकडे झाड नाही, गवत नाही, पण दगडांवर काळं बुरशीसारखं काहीतरी वाढतं. पोरगी म्हणाली, "आई, आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल आहे ना, त्याची ही भावकी!" तर ही म्हणे, "मग मूठभर आण की, इथे भेसळीचं मिळतं." तिथून काहीच उचलायचं नसतं हे तिला पटेना. पेंग्विन एकमेकांच्या घरट्यातले खडे चोरतात हे ऐकून म्हणाली, "म्हणजे आपल्या गल्लीसारखंच." मग होळीच्या सुमाराला शेवटचं जहाज गेलं. समुद्र गोठला. पाखरं उडून गेली. थोरल्या जातीचे पेंग्विन तेवढे मागे राहतात. मादी अंडं घालून समुद्राकडे निघून जाते, आणि बाप ते अंडं पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीखाली झाकून, अंधारात उपाशी उभा राहतो. सगळे बाप एकमेकांना चिकटून. वारा खाऊन दमलेले आत सरकतात, ऊब मिळालेले बाहेर येतात. हे ऐकून तुझी सून माझ्याकडे वळली. "बघा. तिथले बाप अंडी उबवतात, आमच्याकडच्यांना चहा टाकता येत नाही." पोरगी तिकडे इतकी हसली की फोन हातातून पडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझी सून गेली. सकाळची वेळ, बाहेर लूच्या झळा सुटलेल्या. पलंगावर टेकली होती, म्हणाली, "गॅसवर दूध आहे, बघा हो." मी आत गेलो, गॅस बंद केला, परत आलो. बस, एवढंच. तिचा भाऊ इंदूरहून यायचा होता आणि ग्वाल्हेरचा तो उन्हाळा, म्हणून शिंदे की छावनीतून बर्फाच्या लाद्या आणल्या. मी स्वतः त्या उचलून लावत होतो. शेजारी म्हणाले, "बाबूजी, आप रहने दो, हाथ सुन्न हो जाएँगे." झालेच. ते अजून तसेच आहेत असं वाटतं, हातही आणि मीही. अग्नी मी दिला. लेकीला यायला वाटच नव्हती. तिकडे तेव्हा हिवाळा, ना जहाज जात ना विमान. फोनवर तिने सगळं ऐकलं आणि "बरं" म्हणाली.

मग तीही माझ्यासारखीच झाली. जेवलीस का? हो. काय चाललंय? काही नाही. तिकडे सूर्य बुडाला तो दीड महिना वर आलाच नाही. वादळ सुटलं की एका खोलीतून दुसरीत जायला दोर धरावा लागतो, म्हणाली होती. आमचा फोन म्हणजे तसाच एक दोर, दोन्हीकडे धरणाऱ्याची बोटं गारठलेली. ती आईचं नाव काढायची नाही, मीही नाही. एक दिवस तिच्या मेसच्या गढवाली स्वयंपाक्याने माझा नंबर शोधून फोन केला. "अंकल, मैडम को समझाओ. खाना कमरे में ले जाती हैं, वैसा ही लौट आता है. यहाँ की सर्दी में ऐसे नहीं चलता." तेव्हा भीती वाटायला हवी होती. वाटली बहुतेक, पण लांबून, भिंतीपलीकडे कोणी खोकावं तशी.

परवा तिला विचारलं, नवीन काय? म्हणाली, "दोन दिवसांनी सूर्य दिसेल. सगळे बाहेर जाणार आहेत बघायला. मी नाही जाणार." का गं? "काय करू बघून?" माझ्या तोंडातून निघालं, "आजीसारखं दूध उतू जाऊ दे."

तुला आठवतं? माघातली थंडी, तुळशीपाशी पेटलेल्या गोवऱ्या, संक्रांतीचं बोळकं. एरवी थेंबभर दूध सांडलं तर तू घर डोक्यावर घ्यायचीस. म्हणून रथसप्तमीला दूध वर येताना दिसलं तशी मी धावत जाऊन फुंकर मारली. तू दंड धरून मागे ओढलंस. "फुंकू नको! रोज राखतोच ना आपण? आज जाऊ दे." मी रुसलो तर खरवडीचं बोट माझ्या तोंडात घातलंस.

"बाबा, रथसप्तमी माघात असते. हा आषाढ आहे."

"तुझ्याकडे परवा आहे. पूर्वेकडे तोंड करून ठेव म्हणजे झालं."

"पूर्वेला इथे काही नाहीये. सूर्य उत्तरेला निघतो, जरासा टेकतो, आणि उत्तरेलाच बुडतो."

"असं कसं? सूर्य तो सूर्य."

"बाबा, तुम्ही मिक्सर बघा. सूर्य मी बघते."

आणि हसली, आई. पुसट, पण हसली. मग म्हणाली, "उत्तरेला म्हणजे तुमच्याच बाजूने येतो तो."

आज दुपारी फोन डब्याला टेकवून चित्रासकट चालू ठेवला आणि दोघांनी एकदमच दूध ठेवलं. इकडे आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. तिकडे उघड्यावर जाळ करायला बंदी, म्हणून विजेच्या शेगडीवर पावडरचं दूध, आणि पातेल्याचा कान खिडकीकडे, उत्तरेला. दूध वर यायला लागलं तसा स्वयंपाकी ओरडला, "मैडम, उफन रहा है! प्लेट खराब हो जाएगी!" त्याचा हात पुढे आलेला दिसला. ती म्हणाली, "जाने दो, भैया." गेलं. फसफसून चहूकडे गेलं. खिडकीत बर्फाच्या काठावर नारिंगी किनार उमटली, नखाएवढी. तिने तोंडावर ओढणी धरली आणि रडायला लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. स्वयंपाकी फडकं हातात घेऊन नुसता उभा. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाबा, आई शेवटी काय म्हणाली?" मी सांगितलं. गॅसवर दूध आहे, बघा हो. ती रडता रडता म्हणाली, "हे आईच म्हणू शकते." मग डोळे पुसून विचारलं, "तुमचं गेलं ना उतू?" मी म्हणालो, "गेलं, बाळ. सगळा ओटा भरला." आज मेसमध्ये सगळ्यांसोबत जेवेन म्हणाली.

हा कागद घडी करून नकाशात ठेवून देईन. पण तुला खरं सांगतो. माझं नाही गेलं. दूध काठाशी आलं आणि हात आपोआप पुढे झाला, मी गॅस बंद केला. मग वळून पलंगाकडे पाहिलं. पातेलं अजून ओट्यावरच आहे, वर जाड साय धरली आहे.