कानातलं तत्त्वज्ञान आणि दारातलं बोलणं

आदरणीय चिन-शुईदादा यांस,

ताइनानहून मिंग-तेचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? सीताफळांना कागदी पिशव्या घालून झाल्या का? यंदा माकडांचा त्रास कमी आहे असं ऐकलं, बरं वाटलं. वहिनींना नमस्कार. (पी-यूनला मात्र, म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीला, म्हणजेच माझ्या बायकोला, हे पत्र आल्याचं कृपा करून सांगू नका.) खरं तर फोनच करणार होतो. पण तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, आणि समोरच्यालाही तेवढंच ऐकू येत असेल अशा समजुतीनं तुम्ही जे ओरडता ते अख्ख्या ताइतुंगला कळतं.

माझी प्रकृती ठीक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी महिनाभर टीव्ही आणि वर्तमानपत्र बंद केलं. आता एकतीस वर्षं मी वाचनच करत आलो (पाण्याच्या मीटरचं का असेना), तेव्हा मला चैन पडेना. वाचनालयातल्या बाईंना माझी दया आली. त्यांनी फोनमध्ये एक सोय करून दिली. जगातली जुनी थोर पुस्तकं हौशी माणसांनी आपापल्या घरी बसून मोठ्यानं वाचून ठेवली आहेत, आणि ती कुणीही फुकट ऐकावीत. त्यात प्रेमकथा होत्या, भुताच्या गोष्टी होत्या. पण फुकटच घ्यायचं तर भारीतलं का घेऊ नये, म्हणून मी तत्त्वज्ञान घेतलं. (बाजारातही मी असाच फसतो, हे तुम्हाला पी-यूननं सांगितलंच असेल.)

पहिलं पुस्तक एका जुन्या ग्रीकाचं होतं. प्रत्येक प्रकरण एकाच वाक्यानं सुरू व्हायचं: हे सर्वांसाठी खुलं आहे, यावर कुणाचाही हक्क नाही. मी थक्क झालो. केवढा निःसंग माणूस! देवळाच्या अंगणात आम्ही म्हातारे चहा पीत बसतो, तिथे मी डोळे मिटून हे वाक्य तीन दिवस सगळ्यांना ऐकवलं. चौथ्या दिवशी छत्रीवाल्या ओंगनं विचारलं, "अरे, ही तर ध्वनिफितीची सूचना आहे. तुझा ग्रीक बोलायला कधी सुरुवात करणार?" दुसरं पुस्तक एका जर्मनाचं. ते वाचणारे गृहस्थ ऐन भरात येऊन म्हणाले, "थांबा, पान चिकटलंय." या वाक्यावर मी दोन दिवस चिंतन केलं, दादा. आयुष्यात आपलंही एखादं पान असं चिकटलेलं असतं, वगैरे. पी-यूनला समजावूनही सांगितलं. ती म्हणाली, "मग थुंकी लावा आणि उलटा." शिवाय फोननं पहिल्या प्रकरणानंतर दहावं, मग अकरावं, आणि दुसरं सगळ्यात शेवटी असं लावलं होतं. मला काहीच समजत नव्हतं, पण तत्त्वज्ञान असंच असतं असं मी धरून चाललो होतो.

घरातलं माझं काम एकच, कचरा. संध्याकाळी गाडीचं गाणं वाजलं की पिशव्या घेऊन खाली धावायचं. पण कानात इयरफोन. सलग चार दिवस गाडी आली, गाणं वाजवून गेली, आणि मी खुर्चीत. पी-यून हाक मारायची तेव्हा मी एक बोट वर करायचो (म्हणजे, एवढं प्रकरण संपू दे). चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात माशांच्या डोक्यांचा वास घुमू लागला, तेव्हा मी तिला शांतपणे सांगितलं की वास कचऱ्यात नसतो, आपल्या मतात असतो. तिनं पिशवी उचलून माझ्या खुर्चीखाली ठेवली. माझं मत दहा मिनिटांत बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुमच्याकडे आली. सीताफळांच्या कामाला माणूस कमी पडतो म्हणून गेली असं मी शेजारी सांगितलं आहे. तुम्हीही तसंच सांगा. बाकी इकडे सगळं क्षेम आहे. भात मी रोज करतो. त्यातला वरचा थर खाण्यासारखा असतो. गुडघ्यासाठी मलम पाठवतो आहे, दिवसातून दोनदा चोळा.

तुमचा,
येन मिंग-ते

ता. क. मलम हे निमित्त आहे. दादा, एक काम करा. निघताना पी-यून दारात पिशवी घेऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली, ओठ हलताना दिसत होते. माझ्या कानात जर्मन होता. मी मान डोलावली आणि म्हणालो, "हो हो, तसंच कर." ती क्षणभर बघत राहिली आणि गेली. ती बाजारात चालली असेल असं मला वाटलं. परवा धीर करून फोन केला, तर तिनं विचारलं, "मग, ठरलं ना?" मी म्हणालो, "ठरलं." ती म्हणाली, "कधी?" मी म्हणालो, "बघू या." तिनं फोन आपटला. मी कशाला होकार दिला आहे? घटस्फोटाला तर नाही ना? ती काय म्हणाली होती ते सहज बोलता बोलता काढून घ्या, पण मला ऐकू गेलं नव्हतं हे कळू देऊ नका. अकरा दिवस झाले. इयरफोन काढून ठेवले, तर घरात ऐकायला कुणीच नाही. मला करमत नाही, दादा.

ता. क. २. पाकिटाला गोंद लावत होतो, तेवढ्यात पी-यूनचा आवाजी निरोप आला. चाळीस सेकंदांचा. जर्मन मी एकोणीस तास ऐकला, पण हे चाळीस सेकंद लावायला मला अर्धा तास लागला. जसंच्या तसं लिहितो: "अहो, कानात बोंडं होती ती मला दिसत नव्हती का? तुम्हाला एक अक्षर कळलेलं नाही. म्हणून पुन्हा सांगते. मी म्हणाले होते, आता मी आपणहून यायची नाही, न्यायला या. तर तुम्ही म्हणालात, हो हो, तसंच कर. रोज ताइनानहून येणाऱ्या गाडीच्या वेळेला मी दादाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहते. वहिनी हसते मला. येताय की नाही?"

ता. क. ३. वर सांगितलेलं काम रद्द. पत्र टपालात टाकत नाही, पहिल्या गाडीनं मीच घेऊन निघतो. बोंडं घरी ठेवली आहेत. (पिशवीच्या तळाशी आहेत. प्रवास तीन तासांचा आहे आणि दुसरं प्रकरण राहिलं आहे.) माझ्या हातात हे पाकीट दिसलं तर फाटकात उभे राहून वाचत बसू नका. आधी पी-यूनला हाक मारा. ती आल्या आल्या पहिलं काय बोलते, ते मला चुकवायचं नाही.