खांबाची जाडी

रविवार, ८ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझ्या आईचा गुडघा वगळला तर ते खरंही आहे. फोन माझ्या हातात आला की तुझं बाळ नेमकं रडायला लागतं, म्हणून पत्र. बाळ रडलं तरी पत्र नंतर वाचता येतं.

मागच्या खेपेला निघताना तू म्हणालीस, "बाबा, माझं बाळ तुमच्या गाडीत बसणार नाही." त्यावर मी जे बोललो त्याची उजळणी इथे करत नाही. पण तुझा मुद्दा मी ध्यानात ठेवला. जुनी गाडी विकून टाकली. आता अशी भरवशाची एसयूव्ही शोधतोय की तिला नाव ठेवायला तुलाही जागा सापडू नये.

एसयूव्हीच का, हे जावईबापूंना समजावून सांग. वजनकाटे तपासायचे तर प्रमाणित वजनं बरोबर न्यावी लागतात. वीस किलोचं एक, अशी दहा. आणि गिऱ्हाईक बसलेलं असतं दगडखाणीवर, जिथे रस्ता संपून चार वर्षं झाली. लहान गाडीचं पोट खडकाला घासतं.

शोरूममध्ये चौकशी करण्यात अर्थ नसतो. तिथे सगळे वराकडचे. म्हणून मी आधी आपल्या मेकॅनिककडे गेलो आणि विचारलं, "तुझ्याकडे कुठल्या गाड्या येत नाहीत?" तो बराच वेळ हात पुसत बसला. मग म्हणाला, "तीन आहेत. त्यांच्या मालकांची तोंडंसुद्धा मी विसरलोय." ही खरी शिफारस.

तीनही गाड्या चालवून पाहिल्या. दहाही वजनं डिकीत ठेवून. पहिल्या शोरूममधला पोरगेला सेल्समन म्हणाला, "सर, कार्पेट नवीन आहे." मी म्हटलं, "माझी वजनं तुझ्या कार्पेटपेक्षा स्वच्छ असतात." मग तो छत उघडून दाखवायला लागला. तुझी आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अहो, छताला भोक असलेली गाडी घ्यायची तर जुनी काय वाईट होती?"

आता निष्कर्ष. पांढरी गाडी: इंजिन गुळगुळीत, भार घातला तरी मागून बसत नाही. दोष एकच. समोरच्या काचेच्या कडेला जो खांब असतो तो फार जाड. वळताना त्याच्या आड डावीकडून येणारा एक सायकलवाला दडला. सेल्समनने हँडब्रेक ओढला. कुणाला काही झालं नाही. करडी गाडी: क्लच हलका, स्टेपनी पूर्ण मापाची. पण खांब तसाच, त्याच्या आड फुलझाडाची कुंडी. लाल गाडी सर्वांत दणकट, आणि तिने फाटकाशेजारच्या रखवालदाराची खुर्ची पाडली. खुर्ची रिकामी होती. तिन्ही कंपन्यांनी खांबाच्या बाबतीत हलगर्जीपणा केला आहे. कंपन्यांना मी तसं कळवणार आहे.

तुझी आई म्हणते, "फार पारखू नका, भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो." घरी येईपर्यंत एवढं एकच वाक्य बोलली. गुडघा दुखत असेल.

तुझं मत कळव. तू लहानपणापासून माझ्या टेबलाशी बसून काटे लावायला शिकलीस, म्हणून विचारतोय. एरवी मी कुणाला विचारत नाही, तुला ठाऊक आहे. आणि बाळाचं वजन कळव. आई विचारून घेते, पण तिला दशांश लक्षात राहत नाही.

तुझा बाबा,
वजनकाटे दुरुस्ती व तपासणी


शनिवार, २८ नोव्हेंबर

चिमणे,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, एक ओळ. "बाबा, तीन काटे एकच चूक दाखवत असतील तर तुम्ही काय करता?" ना खुशाली, ना बाळाचं वजन.

कागद टेबलावर आपटून मी कामाला बसलो. आई म्हणाली, "काय लिहिलंय?" म्हटलं, "आगाऊपणा." ती म्हणाली, "मग कुणावर गेली ते सांगायला नको," आणि आत गेली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुलाही येतं आणि मलाही, कारण ते मीच तुला शिकवलं. तीन काटे एकच चूक दाखवत असतील तर काट्यांना हात लावायचा नाही. हातातलं वजन तपासायचं. ते झिजलेलं असतं.

दोन दिवस मी हे कळूनही कळलं नाही असा वागलो. मग पांढऱ्या गाडीच्या शोरूममध्ये पुन्हा गेलो. तुझ्या आईला स्टिअरिंगपुढे बसवलं, त्या सेल्समनला गाडीच्या डाव्या अंगाला मागे उभं केलं आणि म्हटलं, "आता सावकाश पुढे येत जा." आईला सांगितलं, "समोर बघत राहा. तो दिसला की सांग." ती लगेच म्हणाली, "दिसला की. शर्टाचं दुसरं बटण तुटलंय त्याचं." मग मी तिच्या जागी बसलो. तो मागून निघाला. मी समोर बघत वाट पाहत राहिलो. म्हटलं, "निघ की रे." तर तो बॉनेटजवळून म्हणाला, "सर, मी इथे आहे."

सीट तीच, काच तीच, खांबही तोच.

आईने माझ्या हातातून किल्ली घेऊन ती त्या मुलाला दिली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एका यंत्रात तोंड घालायचं, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ ठिपकाच येईना. मी म्हटलं, "बाई, तुमचं यंत्र बिघडलंय." त्या म्हणाल्या, "कालच तपासून घेतलंय." हेच वाक्य मी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर मारत आलो.

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त. मधलं शाबूत आहे, कडा गेल्या आहेत. म्हणून काट्याचं टोक केसभर हललं तरी मला दिसतं, आणि म्हणूनच मागच्या खेपेला तू डोळे तपासा म्हणालीस तेव्हा मी तुला नको ते ऐकवलं. ज्याला केस दिसतो त्याला सायकल दिसत नाही, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तू तर नुसतीच सांगत होतीस. गेलेलं परत येत नाही. आहे ते राखायला रोज थेंब घालायचे. काटे तपासायला हरकत नाही. गाडी चालवायला आहे.

हे तुला फोनवर सांगणार नव्हतो. आवाजाचं काही सांगता येत नाही.

आता गाडी. करडी घेतली. पांढरी इंजिनला सरस होती, लाल दणकट होती, पण करडीत तुझ्या आईला उशी न घेता बॉनेटचं टोक दिसतं, आणि तिचा क्लच इतका हलका की गुडघा कुरकुरत नाही. मी आजवर ज्या ज्या गोष्टींसाठी गाड्या पारखल्या त्यांत या दोन गोष्टी कधी नव्हत्या. आईचं लायसन्स लग्नाआधीचं. तिने ते नेमाने नवं करून घेतलं, मी मात्र स्टिअरिंग कधी सोडलं नाही. चार दिवस तिने ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंबरोबर हात साफ केला. माझ्याबरोबर नको म्हणाली.

तिची अट एकच, मी तोंड उघडायचं नाही. पहिल्याच दिवशी खाणीच्या चढावर माझ्या तोंडून "क्लच" एवढंच निघालं. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी म्हटलं, "चुकलं." ती म्हणाली, "कुणाचं?" म्हटलं, "माझं." मग किल्ली फिरवली. चढ तिने माझ्यापेक्षा बरा काढला. दहा वजनांतलं एकही जागचं हललं नाही. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

बाळाला या गाडीत बसवायचं की नाही हे तू ठरव. आई तुम्हाला आणायला येऊ शकते, अगदी तुझ्या दारापर्यंत. तिला आता लांबचा रस्ता हवाच आहे. तू नाही म्हणालीस तर मी का म्हणून विचारणार नाही.

येशीलच तर एक सांगून ठेवतो. मी टेबलाशी बसलेलो असेन. दारातून बाळाला घेऊन माझ्या डाव्या बाजूने येऊ नकोस, मला कळायला उशीर होईल, आणि ते मला आवडणार नाही. थोडा वळसा पडेल, पण टेबलाच्या पलीकडून ये, आणि त्याला माझ्या अगदी समोर धर.

वाट पाहतो.

बाबा