मोरीची दोन तोंडं

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंतीच्या मिरवणुकीत नाचून पाय सुजलेत – आणि सकाळी साडेसातला आमच्या ऑफिसच्या कुमारसरांचा पुण्याहून फोन! ‘शेफाली, भोरातच काम आहे, तुझ्या घरापासून पाच मिनिटांवर. एका घराची दुरुस्ती निघालीय. पावसाचं पाणी कुठं जातं तेवढं बघायचं. दोन दिवसांचं काम.’

सरांचे दोन दिवस म्हणजे पंधरा. तरी गेले.

बाजाराच्या मागच्या गल्लीत दुमजली घर. खाली पूर्वी पिठाची गिरणी होती. वडलांनी मधे भिंत घालून दोन मुलांना वाटून दिलंय – रस्त्याकडचा भाग मुलाला, मागचा मुलीला. ती मुलगी म्हणजे फुलाबाई. वय अडुसष्ट! सहा बायका घेऊन पापड-कुरडयांचं काम करतात. गेल्या पावसाळ्यात आत पोटरीएवढं पाणी शिरलं, पापडाचे डबे तरंगले. म्हणून आता नवी फरशी, नवे पत्रे आणि अंगणात काँक्रीट करायचंय. काँक्रीट झालं की पाणी मुरायचं बंद, सगळं वाहून जायला हवं. कुठून, ते मी सांगायचं.

‘मावशी, अंगणातलं पाणी जातं कुठं?’

‘मोरीत.’ कोपऱ्यातली झाकण लावलेली जुनी नळी दाखवली. घराखालून जाते म्हणे.

‘आणि मोरी कुठं जाते?’

हनुवटीनं भिंतीकडे खूण. ‘तिकडं.’

‘तिकडं कोण राहतं?’

‘कोन न्हाई.’

भिंतीपलीकडे कोणीतरी जोरात शिंकलं. फुलामावशींनी पापड लाटणं थांबवलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

‘कोन न्हाई’चं नाव गेनूकाका. वय चौसष्ट, एसटीतून निवृत्त कंडक्टर, फुलामावशींचा सख्खा धाकटा भाऊ. मोरीचं दुसरं तोंड त्यांच्या ओटीवर उघडतं, तिथून पुढं रस्त्याच्या गटारात.

त्यांना विचारलं, ‘काका, मागं कोण राहतं?’

‘कुठं मागं? गोडाऊन हाय.’

तेवढ्यात गोडाऊन ओरडलं – ‘अगं, ऊन चढलं, पापड फिरवा की!’

काका माझ्याकडे बघत राहिले. मीही. दोघांनीही ऐकलं नाही असं ठरलं.

घरी आले तर आईनं सांगितलं – एकोणीस वर्षं झाली, बहीण-भाऊ एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मला कसं नाही!

सरांनी भरायला फॉर्म पाठवलाय. मोठ्या सोसायट्यांचा. ‘तळघर किती मजली?’ लिहिलं – नाही. ‘लिफ्टच्या खड्ड्यातील पाण्याची व्यवस्था?’ लिहिलं – लिफ्ट नाही. ‘रहिवाशांचे सहकार्य?’

ती जागा मोकळी ठेवली.

१७ एप्रिल, गुरुवार

आज उतार मोजायचा होता. पारदर्शक नळीत पाणी भरून नळी भिंतीवरून पलीकडे टाकायची, दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं, त्यावरून कळतं. सोपं काम. एक माणूस अलीकडे, एक पलीकडे – ‘वर घ्या’, ‘थोडं खाली’ एवढंच बोलायचं.

एवढंच!

मदतीला उत्रोलीचा गवंडी गोरख होता, पण तो पायाची माती उकरत होता. म्हणून मागे नळी धरली फुलामावशींनी, पुढे गेनूकाकांनी. मधे भिंत, वरती हातभर उघडी. दोघांत अंतर तीन फूट. आणि मी भिंतीलगत शिडीवर, दोन्हीकडे दिसेल अशी.

‘म्याडम, त्यांना सांगा, नळी वर घ्या म्हनावं.’

‘मावशी, काका म्हणतात, वर घ्या.’

‘ऐकलं म्या. त्यांना सांगा, घेतली.’

‘काका, घेतली म्हणतात.’

‘ऐकलं. इचारा, किती घेतली?’

मराठीचं मराठीत भाषांतर करत दीड तास उभी होते. गोरख मातीत बसून हसत होता.

काम संपल्यावर राहवलं नाही. काकांना विचारलं, एकदा बोलून टाकायला काय होतं? म्हणाले, ‘शेवटलं म्या बोललोय. आता तिची पाळी.’

मागे जाऊन मावशींना विचारलं. ‘शेवटलं बोलले कोन? मीच की! आता त्यानं बोलायचं. थोरली म्हनून म्याच किती डाव बोलायचं?’

म्हणजे एकोणीस वर्षं दोघंही पाळीची वाट बघतायत!!

१९ एप्रिल, शनिवार

पाण्याची चाचणी. मागे बादल्या ओतायच्या, पुढे किती वेळात येतं ते बघायचं. काहीच येईना. घराच्या कडेच्या बोळातून वळसा घेऊन मागून पुढे एकशे चाळीस पावलं. मी अठरा फेऱ्या मारल्या. ‘ओतलं का?’ ‘ओतलं.’ ‘आलं का?’ ‘न्हाई.’ पाय आधीच सुजलेले.

शेवटी गोरखनं लांब सळई घातली. चिंध्यांचा बोळा निघाला, मुंडकं नसलेली बाहुली, आणि गिरणीच्या पट्ट्याचा हातभर तुकडा. मग गोरख चहाला गेला. गेनूकाका ओटीवर मोरीच्या तोंडाशी उकिडवे बसले होते, वैतागून म्हणाले, ‘येतंय का न्हाई आता?’

मोरीतून आवाज आला – ‘येतंय. जरा दम धरा.’

फुलामावशींचाच. पण कसा! घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा, अगदी कानाशी. काका मागं सरकले ते पायरीवरच बसले.

‘म्याडम, मोरी बोलली?’

काय सांगू? म्हटलं, ‘हो.’

त्यांनी टोपी सारखी केली. मग वाकून, कंडक्टरच्या आवाजात – ‘मोरीबाई, किती सोडलंय?’

मोरीत झाकण खडखडलं. मग – ‘दोन बादल्या.’

‘अजून दोन सोडा.’

पाणी आलं! घाण, काळं, पण आलं. काकांनी माझ्याकडे बोट केलं. ‘म्या मोरीशी बोललोय हां. वहीत तसंच लिवा.’

लिहिलं.

२१ एप्रिल, सोमवार

मोरीशी बोलणं चालू आहे. चाचणी एकच उरलीय, पण दोघंही म्हणतात अजून बघा, नीट बघा, घाई करू नका.

आज ऐकलेलं:

‘मोरीबाई, कुनाची भाकर करपली?’

‘मोरीला नाक नसतं म्हनावं.’

‘मोरीबाई, तुजी कंबर कशी हाय? रातचं इव्हळत व्हतीस.’

‘मोरीला कंबर न्हाई. पर हाय बरी.’

फुलामावशींनी झाकणाशेजारी स्टूल आणून ठेवलंय. काकांनी ओटीवर गोणपाट अंथरलंय. गोरख मला म्हणाला, ‘म्याडम, आपुन हितं काय काम करतोय?’ त्याला म्हटलं, निरीक्षण.

सर फोनवर: ‘साठ चौरस मीटरच्या छपराला किती दिवस?’

२४ एप्रिल, गुरुवार

आजचं नीट लिहून ठेवते.

मला मोजायचं काही नव्हतं. तरी गेले. टेप हातात घेऊन ओटीवर उगाच उभी राहिले. गेनूकाका मोरीपाशी होते. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग एकदम म्हणाले – ‘मोरीबाई, तुला एक इचारतो. म्या आक्काला इचारलं व्हतं, आईला माज्याकडं न्हेऊ का. आक्कानं मान हलवली. मंग आईला न्हेलं तर आक्काचं तोंड का फिरलं?’



मला वाटलं मावशी उठून गेल्या. काकांनी कान मोरीच्या तोंडाला लावला.

मग आवाज आला, बारीक. ‘कवा इचारलं?’

‘गिरणीत. दारात उबा राहून.’

‘गिरणी चालू व्हती?’

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘गिरणी चालू व्हती का, ते सांगा.’

‘... व्हय.’

‘मला वाटलं, दळान झालं का इचारलं. व्हय म्हनून मान हलवली. दळान करून घरात आले तर आई न्हाई. आईचं अंथरून न्हाई. तांब्या न्हाई. म्हनलं, सांगितलं सुदिक न्हाई ह्यानं, उचलून न्हेली.’

काकांचा हात गोणपाटावर नुसता फिरत होता.

‘आई तर रोज सकाळी तुज्याकडंच जेवायची,’ ते म्हणाले. ‘सांजचं माज्याकडं. चार वरसं.’

‘तिला काय, तिचं चांगलं चाललं व्हतं.’

आणि मोरीतून हसण्याचा आवाज आला का रडण्याचा, मला खरंच कळलं नाही. नळीतून दोन्ही सारखंच येतं.

‘येड्या,’ मोरी म्हणाली, ‘चालू गिरणीत असलं इचारत्यात व्हय!’

एकोणीस वर्षं. दळण झालं का!

मी टेप गुंडाळून घरी आले. आई म्हणाली, डोळ्यात काय गेलं? पीठ, म्हटलं.

२६ एप्रिल, शनिवार

आज शेवटची, मोठी चाचणी. भोरच्या पावसाला बादलीचा हिशेब लागू नाही, म्हणून गोरखनं आणि मी दहा ड्रम एकामागून एक ओतले.

मोरी नापास.

नळी सहा इंची, हवी नऊ. वर गिरणीच्या यंत्राच्या वजनानं ती मधे मोडलीय – मागचा भाग खचला, पुढचा चार बोटं उंच राहिला. थोडं पाणी कसंबसं जातं, जास्त आलं की परत फिरतं. सातव्या ड्रमला मावशींच्या अंगणात परत यायला लागलं. आठव्याला काकांच्या मधल्या खोलीच्या भिंतीतून पाझरलं, त्यांच्या देवळीतल्या पोथ्या भिजल्या. म्हणजे इतकी वर्षं घराच्या पायात पाणी मुरतंय. अजून एक-दोन पावसाळे, की ती भिंत बसेल. काका त्याच भिंतीला टेकून झोपतात.

सरांना सांगितलं. म्हणाले, ‘सफाई केल्यावर पुरेशी आहे, असं लिही आणि संपव.’

नाही लिहिणार. पत्रे नवे, फरशी नवी आणि खाली भिंत बसली तर?

लिहिलं – जुनी मोरी दोन्ही तोंडांनी पक्की बुजवावी. बोळातून नऊ इंची नवी लाईन टाकावी.

लिहिताना पेन अडलं. सगळे आकडे बरोबर होते, तरी दोनदा तपासले. कुठंतरी चूक सापडावी असं वाटत होतं.

२८ एप्रिल, सोमवार

सांगितलं. आधी काकांना, मग धावत मागे जाऊन मावशींना. वाटेत वाक्य नीट जुळवलं होतं. काही उपयोग झाला नाही.

‘मोरी बुजवायची न्हाई!’ – मावशी.

‘बुजवायची न्हाई!’ – मोरीतून, काका.

भिंत दाखवली, ओल दाखवली, आकडे दाखवले. मावशी म्हणाल्या, ‘पाऊस काय रोज पडतोय व्हय?’ भोरात! जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज पडतो, म्हटलं. ‘मंग आक्टोबरात बोलू आमी,’ मोरी म्हणाली.

मलाही राग चढला. म्हटलं, ‘अहो, एकशे चाळीस पावलं आहेत बोळातून! चालत जा आणि समोर बसून बोला!’

 मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘पोरी, मोरीतनं तोंड दिसत न्हाई, म्हनून बोलता येतंय. समोर बसून काय बोलायचं?’

मी डिप्लोमावाली, आकड्यांचा कागद घडी करून निघाले.

रिपोर्ट संध्याकाळी पाठवला. होता तसाच.

३० एप्रिल, बुधवार

नव्या लाईनची खूण करायला गेले. दोन्ही दारांना आतून कडी. मोरीच्या दोन्ही तोंडांवर दगड ठेवलेले. कान देऊन उभी राहिले – काही नाही. भांडंसुद्धा वाजलं नाही.

मीच परत बंद पाडलं सगळं. भिंत वाचली आणि बाकीचं बसलं.

गोरख म्हणाला, ‘तुमी तुमचं काम केलंत म्याडम.’ त्यानं अजूनच वाईट वाटलं.

१ मे, गुरुवार

सुट्टी. जेवले नाही नीट. आई विचारते, काय झालं. काय सांगू – एक नळी सहा इंची निघाली?

२ मे, शुक्रवार

अकराला सरांचा फोन, आवाज चढलेला. ‘शेफाली, तुझ्याविरुद्ध लेखी तक्रार आलीय. तुझे ते भोरचे मोरीवाले बहीण-भाऊ सकाळच्या एसटीनं आलेत. तासभर झाला माझ्यासमोर बसलेत, एकमेकांचं वाक्य तोडतायत, मला बोलूच देत नाहीत. एकच डबा आणलाय, तो उघडून माझ्या टेबलावर जेवायला लागलेत!’

मागे आवाज येत होते, दोन, एकावर एक. ‘तसं न्हाई, मला सांगू दे –’ ‘तुला निम्मं आठवत न्हाई, गप!’

तक्रार वाचून दाखवा म्हटलं. सरांनी वाचली – ‘सदर म्याडम काम नसताना आमच्या दारात उभ्या राहून आम्हा बहीण-भावाचे घरगुती बोलणे ऐकतात.’ खाली दोन सह्या.

खरं आहे, म्हटलं. ‘पण सर, मोरीचं काय म्हणतात?’

सरांनी विचारलं. मग म्हणाले, ‘त्याबद्दल तक्रार नाही. बुजवा म्हणतात.’