आधी ओठ, मग आवाज

४ मार्च

आणि वर दादा म्हणतो, "आठवीत शाळा सोडली, आता शास्त्रज्ञ होणार! पैसे पाठव, बास." पाठवतोच ना? मग दुपारच्या सुट्टीत मी कोड लिहितो की झोपा काढतो, त्याला काय करायचंय? आईशी बोलायला फोन लावावा तर हा तिच्या शेजारी ठाण मांडून. सकाळी लावा, दुपारी लावा – आपला हजर! पहारा देतो जणू.

आईचे कान आता गेलेच. ओठ वाचते. पण घराकडची नेटची लाइन बारीक. व्हिडिओ कॉलमधलं चित्र गोठतं, आवाज तेवढा पोचतो. आवाज घेऊन ती काय करणार?

६ मार्च

चोर सापडला. कॉलचं सगळं सामान इकडून तिकडे वाहून नेणारी, तयार कोडची एक लायब्ररी आहे. फुकट, कोड सगळ्यांना खुला. लाइन अरुंद झाली की ती आधी आवाज वाचवते, चित्र टाकून देते. उलटं करा, म्हणून लिहिलं. ती सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, अगदी नीट: बहुतेकांना आवाजच हवा असतो, मूळ कोडमध्ये हे घेता येणार नाही, हवं तर तुम्ही फोर्क काढा.

काढतोच!

७ मार्च

धुलाईखान्यात इस्त्रीवाल्याने विचारलं, फोर्क म्हणजे काय रे? म्हटलं, घरात पटलं नाही की वेगळी चूल मांडतात ना, तसं. भांडी तीच, स्वयंपाक आपला.

"आणि जेवायला कोण?"

एक बाई, म्हटलं. माझी आई.  त्याने माझी रात्रपाळी बदलून दिली.

१५ मार्च

चालत नाही.

१६ मार्च

अजून नाही. मुकादम म्हणतो, चादरींच्या उलट्या घड्या घालतोयस. घालीन!

२१ मार्च

चाललं! पण एक घोळ – "कॉल संपला" हा निरोपही मी आवाजाबरोबर रांगेत पार मागे ढकलला होता. कॉल बंदच होईना. तपासायला घेतलेला इस्त्रीवाला पलीकडच्या खाटेवर बसून पडद्यावर माझ्याच तोंडावर जांभया देतोय, त्याला वाटतंय फोन ठेवला! दुरुस्त केलं. फोर्कच्या नावापुढे "प्रायोगिक" लिहिलं. लायब्ररीवाल्या बाईंनीच सुचवलं होतं, कुणी फसू नये म्हणून. प्रायोगिक तर प्रायोगिक. चूल माझी आहे.

२३ मार्च

दादाला पाठवलं. शिव्या देत का होईना, आईच्या फोनमध्ये घातलं त्याने.

२४ मार्च

आई दिसली. अख्खी! कुठे गोठली नाही. आवाज पार गेला. दादा पडद्यात तोंड घालून ओरडत होता, मला नुसते दात दिसले. वैतागून उठून गेला.

विचारलं, जेवलीस का? म्हणाली, माझं राहू दे, तू वाळलास. किती महिन्यांनी विचारलेल्याचंच उत्तर मिळालं!

मग तिने दाराकडे पाहिलं. लहानपणी बाबांच्या पाठीमागून मला काही सांगायची, तसं नुसत्या ओठांनी, सावकाश म्हणाली,

"दादाची नोकरी गेलीय. थंडीपासून घरीच आहे. तुझ्याजवळ बोलायचं नाही, अशी शपथ घातलीय मला."

 ती हसली.

"मी बोलले कुठे?"

२५ मार्च

थंडीपासून. आणि मी त्याला पहारेकरी म्हणत होतो.

भांडण मात्र सोडायचं नाही. सोडलं की त्याला लगेच कळेल.

२६ मार्च

दादाला लिहून टाकलं: हे प्रायोगिक आहे, तिकडच्या लाइनवर रोज तपासून सांगणारा माणूस लागतो. फुकट काम मी कुणाकडून करून घेत नाही, तुझ्याकडून तर मुळीच नाही. जमत नसेल तर दुसरा बघतो.

आज पैसे पाठवले. आईचे नेहमीचे वेगळे. तपासणाऱ्याची मजुरी – सहा हजार.